दुकानात चालतो, घरी बंद पडतो

घरचा डेस्कटॉप मधूनच बंद पडतो. कधी निळा पडदा येतो, कधी माऊस जागच्या जागी गोठतो, कधी काही न सांगता मशीन आपोआप पुन्हा सुरू होतं. दुकानात नेलं तर दोन दिवस निमूट चालतं, दुकानदार 'विंडोज नवीन टाकून दिलंय' म्हणतो, आणि घरी आणल्यावर आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. 'दुकानात चालतो, घरी बंद पडतो' हे वाक्य लोक वैतागून बोलतात, दुकानदारावर खापर फोडायला. पण त्या मशीनबद्दल तुमच्या हाती असलेला सगळ्यात मोलाचा पुरावा तोच असतो. दुकानात गेलं ते फक्त कॅबिनेट. मॉनिटर, कीबोर्ड, प्रिंटर, यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड, भिंतीतला प्लग आणि त्यामागचं अर्थिंग घरीच राहिलं. खोलीतला उकाडा घरी राहिला, आणि तुम्ही रोज तीन-तीन तास चालवता ते जड काम किंवा गेमही दुकानात कोणी चालवला नाही. मशीन तिथे बिनतक्रार चाललं याचा अर्थ संशय आता या घरी राहिलेल्या गोष्टींकडे झुकतो. ही एवढी माहिती फुकटात मिळते, आणि ती कोणी कागदावर टिपून ठेवत नाही.

या लेखाचा आग्रह एकच आहे: नोंदी हाती येईपर्यंत फॉरमॅटला हात लावू नका. कारण साधं आहे. विंडोज प्रत्येक क्रॅशची नोंद स्वतः ठेवत असते आणि ती नोंद त्याच सी ड्राइव्हवर असते जी फॉरमॅटमध्ये पुसली जाते. पंचनाम्याआधी जागा धुऊन काढावी तसा हा प्रकार. यावर ठरलेला आक्षेप असा, की 'पण मागच्या वेळी फॉरमॅट केल्यावर महिनाभर बरं चाललं होतं की!' चाललं असेल. पण त्या दिवशी फक्त फॉरमॅट झाला होता का? मशीन दुकानात नेलं म्हणजे सगळ्या केबली काढून पुन्हा घट्ट बसवल्या गेल्या. कॅबिनेट उघडलं म्हणजे ब्लोअर मारला गेला. रॅम काढून, पुसून परत लावली गेली. वर नव्या विंडोजवर सुरुवातीचे काही दिवस मोजकेच प्रोग्रॅम असतात, त्यामुळे मशीनवर ताणही कमी. एका फेरीत चार गोष्टी बदलल्या आणि श्रेय पाचवीला मिळालं. महिनाभराने धूळ परत साचते, संपर्क परत सैल होतो, आणि पुन्हा तेच.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा: 'कॉम्प्युटर आहे, कधीतरी अडकणारच, एवढं काय मनावर घ्यायचं?' मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ साली सुमारे दहा लाख ग्राहकांच्या पीसींमधल्या क्रॅशच्या नोंदी अभ्यासल्या. प्रोसेसर एकूण तीस दिवस तरी चाललेला आहे अशा मशीनमध्ये प्रोसेसरच्या बाजूच्या बिघाडाने एकदा क्रॅश होण्याची शक्यता त्यांना १९० मध्ये एक अशी दिसली. पण एकदा तसा क्रॅश झाला की दुसऱ्यांदा होण्याची शक्यता जवळपास तीनात एक. हार्डवेअरचा बिघाड एकदा डोकावून निघून जात नाही, त्याच घरात परत येतो. म्हणून दोनदा विनाकारण बंद पडलेल्या मशीनबाबत 'योगायोग' हा शब्द वापरू नये. आणि परत येणाऱ्या गोष्टीला पकडायचं तर ती केव्हा येते हे लिहिलेलं हवं. तारीख, वेळ, त्या वेळी काय चालू होतं, पडद्यावर काय दिसलं, खोलीत पंखा की एसी, आणि त्याच सुमारास पंप किंवा मिक्सर सुरू झाला का. शाळेच्या वहीचं मागचं पान पुरतं.

आता मशीनने स्वतः काय लिहून ठेवलंय ते बघा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' नावाचं पान उघडतं. दिवसागणिक आलेख, आणि ज्या दिवशी बिघाड झाला तिथे लाल फुली. पहिला लाल दिवस कोणता आणि त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट आला, हे इथे एका नजरेत कळतं. त्याहून खोलात जायचं तर इव्हेंट व्ह्यूअर. तिथे 'विंडोज लॉग्ज'मधल्या 'सिस्टिम'मध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद हमखास सापडते, आणि इथेच बरेच जण घसरतात. नावात पॉवर दिसली की एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, गेला असं समजून नवा आणतात. ४१ एवढंच सांगते, की मागच्या वेळी मशीन रीतसर शटडाऊन झालं नव्हतं. खरी गोष्ट त्या नोंदीच्या 'डिटेल्स'मध्ये असते. तिथे 'बगचेक कोड' समोर शून्य असेल तर विंडोजला शेवटचे शब्द बोलायलाही सवड मिळाली नाही. वीज तुटली, किंवा मशीन इतकं गोठलं की तुम्हीच बटण दाबून बंद केलंत. बटण दाबून बंद केलं होतं का हे तुमच्या वहीत असेल तर या दोन शक्यता लगेच वेगळ्या होतात. शून्याऐवजी आकडा असेल तर विंडोजने स्वतः क्रॅश ओळखून थांबवलेला असतो. २९२ म्हणजे हार्डवेअरनेच चूक कळवली, २६ म्हणजे मेमरीच्या व्यवस्थापनात गोंधळ झाला. निळा पडदा वाचायच्या आत निघून जात असेल तर सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमधल्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढून टाका, म्हणजे पडदा थांबून राहील आणि मोबाइलने फोटो काढता येईल. (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा काळा झालाय. कोड तसाच दिसतो, फक्त मराठीतलं 'निळा पडदा आला' आता जुनं होणार.)

पण एका कोडवर सगळं ठरवू नये. एकच कोड आणि एकाच ड्रायव्हरचं नाव परत परत येत असेल तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा. दर वेळी वेगळा कोड, कधी ब्राऊझर उघडताना, कधी गाणी ऐकताना, कधी काहीच न करता, असं असेल तर दोष या प्रोग्रॅमांच्या खाली आहे, जिथे सगळेच उभे असतात. पहिल्याचं उदाहरण: १९ जुलै २०२४ ला क्राऊडस्ट्राईक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर पोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीनं आडवी झाली. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. सगळी मशीनं एकाच जागी, एकाच फाइलने पडत होती. सेफ मोडमध्ये जाऊन तेवढी फाइल उडवली की उठत होती. सॉफ्टवेअरचा दोष असा ओळ धरून चालतो. त्याच वर्षी इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं प्रकरण गाजलं, ते याच्या नेमकं उलट. गेम खेळताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश यायचा, लोक ग्राफिक्स कार्डाला आणि त्याच्या ड्रायव्हरला शिव्या द्यायचे, आणि प्रोसेसर आतून गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून स्वतःलाच झिजवत होता. इंटेलने जुलै २०२४ मध्ये ते मान्य केलं, ऑगस्टपासून बायोस अपडेटमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेला प्रोसेसर मात्र त्या अपडेटने सुधारत नाही. तुमच्याकडे या पिढ्यांमधला प्रोसेसर असेल तर पुढे वाचायच्या आधी बायोसची तारीख तपासा.

सॉफ्टवेअर की हार्डवेअर, हे फॉरमॅट न करताही तपासता येतं. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटूसारखं लिनक्स टाकून मशीन त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल काही करायचं नाही, फक्त 'ट्राय' निवडायचं. हार्ड डिस्कवरचं विंडोज झोपलेलंच राहतं. दुपारभर त्यात व्हिडिओ लावून ठेवा. तिथेही मशीन गोठलं तर विंडोज निर्दोष सुटलं, आणि फॉरमॅटचे पैसे वाचले. नाही गोठलं तर मात्र हार्डवेअर निर्दोष ठरत नाही, कारण लिनक्समध्ये तुम्ही मशीनला विंडोजइतकं राबवलेलं नाही. ही चाचणी एका दिशेनेच बोलते, तेवढंच तिचं ऐकावं. आणि या सगळ्याच्या आधी फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. तपासात मशीन दहादा पडणार आहे.

आपल्याकडच्या घरांत मी पहिला संशय विजेवर घेईन. एसएमपीएसला भिंतीतून येणारा पुरवठा क्षणभर तुटला तरी तो आतल्या कपॅसिटरच्या जोरावर साधारण सोळा मिलिसेकंद दम धरतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचं. याचा अर्थ नव्या, चांगल्या एसएमपीएसलाही एका आवर्तनाइतकी पूर्ण सुट्टी परवडत नाही, आणि सहा-सात उन्हाळे काढलेल्या स्वस्त एसएमपीएसचे कपॅसिटर सुकलेले असतात, त्याचा दम आणखी तोकडा. फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा पाण्याची मोटर सुरू होताना दिवा क्षणभर मंदावतो ना, त्याच क्षणी असा डेस्कटॉप रिस्टार्ट होतो. वहीत वेळा लिहिलेल्या असतील तर सोसायटीचा पंप आणि तुमचा क्रॅश एकाच मिनिटाला होतात हे दिसून येतं. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं 'यूपीएस' मोडचं बटण पाहा. साध्या मोडमध्ये बदलाला लागणारा वेळ ट्यूबलाइटला चालतो, कॉम्प्युटरला नाही. 'माझ्याकडे वेगळा यूपीएस आहे' असं म्हणणाऱ्यांनी त्याची बॅटरी कितव्या वर्षात आहे ते आठवावं. सहाशे व्हीएचा नेहमीचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास देतो. ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन खेळाच्या भरात त्याच्या पुढे जाऊ शकतं, आणि वीज गेली की यूपीएस असूनही बंद पडतं.

अर्थिंगचा प्रश्न यापेक्षा चोरटा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घुसवलेला असेल, किंवा सॉकेटला तिसरं भोक आहे पण त्यामागे वायरच नाही, तर कॅबिनेटच्या पत्र्याला मनगटाची आतली बाजू लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या आतला फिल्टर जो अंश जमिनीत सोडायचा तो पत्र्यावर सोडतो, म्हणून. 'त्याने काही होत नाही, वर्षानुवर्षं असंच आहे' हे उत्तर सगळीकडे मिळतं. माणसाला फारसं होत नसेल, पण यूएसबीची उपकरणं अचानक तुटणं, स्पीकरमध्ये घरघर येणं, पेनड्राइव्ह लावताक्षणी मशीन गोठणं, हे सगळं इथून सुरू होऊ शकतं. वायरमनला बोलवा आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजायला सांगा. एक-दोन व्होल्टच्या वर फार जाऊ नये. एसएमपीएसचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर भार काही काळ टिकून राहतो. तपासायचं तर बाहेरून: बारा व्होल्टची तार जड काम चालू असताना ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवी. दुकानदाराकडे मल्टिमीटर असतो, त्याला हे काम सांगायला संकोच नको.

उष्णतेबद्दल लोक उगाच घाबरतात आणि नको तिथे पाहतात. आजचा प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, अगदीच नाइलाज झाला तर बंद होतो. म्हणजे गरमीने पडणारं मशीन पडण्याआधी रेंगाळतं. रेंगाळत नाही आणि पटकन पडतं, तर कारण दुसरीकडे शोधा. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांवर असते तेव्हा कॅबिनेटच्या आत त्यात भर पडणारच. दार काढून टेबल फॅन लावून एक दिवस चालवा, फरक पडला तर उत्तर मिळालं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. एक बारकावा जरूर बघा: इंटेलबरोबर येणारा जुना कूलर चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो, आणि रिक्षातून दुकानात नेता-आणताना त्यातली एक खुंटी सुटलेली पुष्कळदा आढळते. कूलर एका कोपऱ्यात उचललेला, आणि थर्मल पेस्ट बिचारी निम्मीच टेकलेली.

मग रॅम. गूगलच्या सर्व्हरमधल्या रॅमचा टोरोंटो विद्यापीठाबरोबर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दर वर्षी आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या, आणि बहुतेक चुका क्षणिक नसून पट्टीतल्या कायमच्या दोषाच्या होत्या. सर्व्हरच्या रॅममध्ये चूक पकडून दुरुस्त करायची सोय असते. घरच्या डेस्कटॉपला सहसा ती नसते; तिथे बदललेला एक बिट तसाच पुढे जातो आणि ज्या प्रोग्रॅमच्या पायाखाली येईल तो पडतो. म्हणूनच दर वेळी वेगळा निळा पडदा. आपल्याकडे यावर खोडरबर हा सार्वत्रिक उपाय आहे, आणि तो बऱ्याचदा लागूही पडतो, विशेषतः कोकण-गोव्याच्या दमट, खारट हवेत. पण गुण खोडरबराचा कमी आणि पट्टी काढून परत बसवण्याचा जास्त. तेवढ्या घासण्याने संपर्क साफ होतात. खोडरबराने वरचा सोन्याचा पातळ थर मात्र झिजतो आणि त्याचा भुसा खाचेत पडतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा. प्लग काढून, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवून मगच हात घाला. चार खाचा आणि दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी खाच बहुतेक मदरबोर्डांना हवी असते, मॅन्युअल पाहा. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सोय, चालू असेल तर बंद करा. पाकिटावरचा तो वेग जाहिरातीचा आहे, तुमचा मदरबोर्ड आणि प्रोसेसर तो पेलेलच असं नाही. त्यानंतर मेमटेस्ट ८६ प्लस पेनड्राइव्हवरून रात्रभर. चार फेऱ्या तरी होऊ द्या. एकसुद्धा चूक दिसली तर ती खपवून घ्यायची नसते. पट्ट्या एकेक करून तपासा आणि जी चुकते ती वॉरंटीत द्या.

बाकीचं थोडक्यात. डिस्कसाठी क्रिस्टल डिस्क इन्फो उघडा. त्यात 'सी७' या ओळीचा, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डमधल्या देवाणघेवाणीतल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर डिस्क ठीक असू शकते, साटा केबल बदलून पाहा, ती स्वस्त आहे. ड्रायव्हर ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' देणाऱ्या प्रोग्रॅमांपासून लांब राहा.

'हे सगळं करायला घरी सुटे भाग कुणाकडे असतात?' हा आक्षेप रास्त आहे, पण तपासाला दर वेळी नवा भाग घालावा लागत नाही, आहे तो काढूनही चालतं. दोनपैकी एक रॅम काढा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डला जोडा. प्रिंटर, वेबकॅम, यूएसबी हब सोडवून ठेवा. यूपीएस वगळून दुसऱ्या खोलीतल्या, दुसऱ्या लाइनच्या प्लगवर मशीन लावा. अट एकच, एका वेळी एक बदल, आणि नंतर पुरेशी वाट. पुरेशी म्हणजे किती? मशीन सरासरी चार दिवसांतून एकदा पडत असेल तर बदलानंतर चार दिवस नीट चालणं काहीच सिद्ध करत नाही. काहीही न बदलतासुद्धा तसे चार दिवस तीनात एकदा सहज मिळतात. बारा दिवस, म्हणजे तिप्पट, विनाक्रॅश गेले तर ते निव्वळ नशिबाने होण्याची शक्यता वीसात एक उरते. तेवढं थांबा. 'इतका वेळ कुणाला आहे' असं वाटेल, पण यात तुमचा वेळ जात नाही, मशीन वापरातच असतं. फक्त निष्कर्ष लांबतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जोरकस: मशीन आठ-दहा वर्षांचं आहे, यावर डोकं कशाला खपवायचं, नवंच घ्यावं. मदरबोर्डवर संशय पक्का झाला तर माझंही मत तेच. जुन्या सॉकेटचा मदरबोर्ड शोधत बाजार पालथा घालण्यात अर्थ नाही. पण नवं घेताना दुकानदार विचारतोच, की जुना एसएमपीएस, एसएसडी, कॅबिनेट यातलं काय चालवायचं. खर्च वाचवायला लोक बहुतेक वेळा एसएमपीएस चालवतात. आणि दुसऱ्या महिन्यात, नव्या कोऱ्या मदरबोर्डवर, पंप सुरू झाला की मशीन रिस्टार्ट होतं.